खासगी शाळेत रुजू होताना पगाराआधी काय विचारावं?

प्रश्न थोडक्यात असा. धाकटी बहीण बी.एड. झालेली, ऐरोलीत राहते, आजवर कोचिंग क्लासमध्ये शिकवत होती. घोडबंदर रोडवरच्या एका विनाअनुदानित, एसएससी बोर्डाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेनं तिला पाचवी ते सातवीला मराठी शिकवण्यासाठी बोलावलं आहे. पगार क्लासपेक्षा बरा आहे. पण कुणी म्हणतं, तिथे शिकवणं कमी आणि कार्यक्रम जास्त. कुणी म्हणतं, स्टाफरूममध्ये फार राजकारण असतं. हो म्हणण्याआधी काय बघावं?

मी आधी ठाण्यात आणि मग नवी मुंबईत अशाच शाळांत शिक्षिका होते, पुढे पर्यवेक्षिका झाले. सरळच सांगते. पगार बरा आहे की नाही हे तुम्हाला अजून कळलेलंच नाही, कारण तो किती तासांचा आहे ते माहीत नाही. हे तास वेळापत्रकात नसतात. ते सापडतात दोन ठिकाणी: शाळेच्या वार्षिक कॅलेंडरमध्ये आणि बदली तासिकांच्या वहीत. बहिणीनं या दोन्ही गोष्टी मुलाखतीतच बघायला मागाव्यात. मागितल्या म्हणून कुणी नोकरी नाकारत नाही, आणि नाकारली तर उत्तर मिळालंच.

आधी बदली वहीबद्दल. सकाळी मस्टर बघून कोण आलं नाही ते कळतं. मग पर्यवेक्षिका त्या दिवशीच्या रिकाम्या तासिका ज्यांना ऑफ पिरियड आहे त्यांच्यात वाटते. पूर्वी शिपाई मामा वही घेऊन वर्गावर्गात सही घ्यायला फिरायचे, आता बहुतेक ठिकाणी साडेसातलाच ग्रुपवर मेसेज पडतो. यालाच कुणी प्रॉक्सी म्हणतं, कुणी अरेंजमेंट. मागच्या दोन-तीन महिन्यांची पानं नुसती चाळली तरी शाळेचा स्वभाव कळतो. तीच चार नावं पुन्हा पुन्हा दिसली, तर समजावं की तिथे नव्या आणि न बोलणाऱ्या माणसांवर काम ढकललं जातं. मराठी, चित्रकला आणि पी.टी.चे शिक्षक यात हमखास सापडतात. 'तुमचा विषय काय, होऊन जातो' हे वाक्य तुमच्या बहिणीला पहिल्याच महिन्यात ऐकू येईल. चांगल्या शाळेत प्रत्येकाच्या नावापुढे बदली तासिकांचा हिशोब असतो आणि आठवड्याला किती द्यायच्या याची मर्यादा ठरलेली असते. हा हिशोब ठेवणारी शाळा बाकीच्या गोष्टींतही बरी निघते, असा माझा अनुभव आहे.

ऑफ पिरियड म्हणजे आराम नव्हे, हे घरच्यांनीही लक्षात घ्यावं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याला किमान ४५ तास धरले आहेत आणि त्यात तयारीचा वेळही मोजला आहे. पाच तुकड्या, प्रत्येकीत चाळीस-पंचेचाळीस मुलं, प्रत्येकाची वर्गपाठ आणि गृहपाठाची वही. तपासणी करायची ती याच वेळात. हा वेळ प्रॉक्सीत गेला की वह्यांचा गठ्ठा ट्रान्सहार्बरच्या गाडीतून ऐरोलीला घरी येतो. म्हणून तुमच्या आकडेमोडीत घरची तपासणी धरा, ठाणे स्टेशनवरून कासारवडवलीच्या बाजूला जाणाऱ्या टीएमटी बसची वाट बघणं धरा, आणि घोडबंदरवर काम निघालं की कापूरबावडीला अडकणंही धरा. उशीर झाला तरी लेट मार्क तिचाच. बऱ्याच शाळांत तीन लेट मार्कांची एक सीएल, म्हणजे किरकोळ रजा, कापतात. शाळेची बस ऐरोली किंवा निदान माजिवड्यापर्यंत येते का, आणि स्टाफला तीत बसू देतात का, हे विचारायला अजिबात लाजू नये. अनेक शाळा बसू देतात; बदल्यात बसमधल्या मुलांवर लक्ष ठेवायचं असतं. तो सौदा वाईट नाही.

आता कॅलेंडर, म्हणजे तुमच्या प्रश्नातला 'कार्यक्रम जास्त' हा भाग. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठीची शिक्षिका हीच सांस्कृतिक विभाग असते, नेमणूकपत्रात तसं लिहिलेलं नसलं तरी. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे मराठीच्या शिक्षकांना मागणी आली हे खरं. पण विषयासोबत सणही येतात. पंधरा जूनला शाळा सुरू होते न होते तोच आषाढीची दिंडी. पहिली-दुसरीची विठ्ठल-रखुमाई, डोक्यावर तुळस घेतलेल्या मुली, टाळ, पालखी, सोसायटीच्या गेटपर्यंत फेरी आणि त्याच वेळी पाऊस. मग गुरुपौर्णिमा, पंधरा ऑगस्ट, नवरात्रात भोंडला. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाल्यापासून ऑक्टोबरातही काहीतरी करायचं असतं. पुढे ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि १ मेला ध्वजवंदनाचं सूत्रसंचालन. फलक लिहायचा तिनं, भाषण बसवायचं तिनं, आणि ट्रस्टींचं मराठी भाषण लिहूनही तिनंच द्यायचं. ते ऐन वेळी त्यातल्या दोनच ओळी बोलतात, तो भाग वेगळा.

हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्या मुलांच्या घरी मल्याळम, पंजाबी, गुजराती बोलतात त्यांनी भोंडल्याची गाणी घोकून म्हटलेली ऐकली की बाईंना बळ येतंच. फक्त एक विचारावं: या कार्यक्रमांच्या दिवसांत तिच्या तासिका कुणी बघतं का? आणि एकटीनं करायचं की समिती आहे? कॅलेंडरमध्ये प्रत्येक कार्यक्रमापुढे दोन-तीन शिक्षकांची नावं जूनमध्येच छापलेली असतील तर निम्मं काम झालं. नुसतं 'मराठी विभाग' असं लिहिलेलं असेल आणि विभागात एकच माणूस असेल, तर तो विभाग म्हणजे तुमची बहीण.

वर्षातला सगळ्यात मोठा प्रसंग म्हणजे गॅदरिंग. ज्यानं ते आतून पाहिलेलं नाही त्याला खासगी शाळेतलं आयुष्य कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवात होते हॉलपासून. ठाण्यात चांगली नाट्यगृहं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. घोडबंदरच्या बाजूच्या शाळांची नजर काशिनाथ घाणेकर नाट्यगृहावर, वाशी-नेरूळकडच्यांची विष्णुदास भावेवर. डिसेंबरातले शनिवार-रविवार सगळ्यांनाच हवे असतात. तारीख न मिळालेल्या शाळा मैदानात मंडप घालतात, किंवा मधल्याच एखाद्या बुधवारी गॅदरिंग उरकतात. मग नोकरी करणाऱ्या पालकांची नाराजी ग्रुपवर उतरते आणि तिला उत्तर द्यायचं काम वर्गशिक्षिकेचं.

तारीख ठरली की थीम. 'भारताच्या नद्या', 'नवरस', 'महाराष्ट्राची लोकधारा' असलं काहीतरी. लोकधारा ठरली की लावणीचं काय करायचं यावर एक पूर्ण मीटिंग जाते. दिवाळीची सुट्टी संपली की सराव सुरू. आधी पी.टी.चे तास जातात, मग कार्यानुभव, मग मराठी, आणि शेवटच्या आठवड्यात गणितही. गणिताचे सर सोडत नाहीत, मग त्यांना हिशोबाचं काम देऊन गप्प बसवतात. प्रत्येक मूल स्टेजवर दिसलंच पाहिजे, असा बहुतेक शाळांचा आग्रह. त्यामुळे एका नाचात चाळीस मुलं. पहिल्या रांगेत कोण यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी शाळेच्या निकालावरूनही होत नाहीत. मी कोरिओग्राफरना सांगून दर कडव्याला रांगा बदलायला लावायचे. नाच थोडा विस्कटतो, पण दुसऱ्या दिवशी फोन येत नाहीत.

पोशाख भाड्यानं आणतात. मापं घ्यायची, पैसे गोळा करायचे, ज्याला परवडत नाही त्याचे कुणालाही कळू न देता भरायचे, कार्यक्रमानंतर फेटे आणि बांगड्या मोजून परत करायच्या. एक फेटा हरवला की अनामतीतून पैसे कापले जातात आणि ते वर्गशिक्षिकेच्या खिशातून जाण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. हे आधी विचारून घ्यावं. मी पर्यवेक्षिका झाल्यावर तो खर्च गॅदरिंगच्या हिशोबातच धरायला लावला आणि शिक्षकांच्या पर्सपर्यंत येऊ दिला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी स्टाफ दुपारी बाराला हजर आणि शेवटचं मूल पालकांच्या हाती देऊन निघेपर्यंत रात्रीचे साडेदहा-अकरा. मुलाला ओळखपत्र दाखवूनच सोडायचं, आत्या आली म्हणून सोडायचं नाही. मेकअप केलेलं, दमलेलं, झोपाळलेलं सहावीतलं पोर आणि त्याला न्यायला येताना ट्रॅफिकमध्ये अडकलेले बाबा. तिथे तासभर बसून राहते ती वर्गशिक्षिका आणि शाळेतल्या मदतनीस मावशी. ऐरोलीला परतणाऱ्या बाईसाठी त्या रात्रीची गाडी कोण करणार? शाळेनं सोडायची व्यवस्था केली आहे का? दुसऱ्या दिवशी सुट्टी की पहिल्या तासाला हजेरी? शाळा आपल्या माणसांना कसं वागवते हे ओळखायला मला तर हे तीन प्रश्न पुरतात. सराव शनिवारी-रविवारी झाला तर बदली रजा मिळते का, हा चौथा.

आणि तरीही सांगते, गॅदरिंगनंतरचे दोन-तीन दिवस स्टाफरूम जितकी मोकळी असते तितकी वर्षभरात कधी नसते. कुणाचा कृष्ण स्टेजवर शिंकला, कुणाची मिशी गळली, यावर सगळे हसतात, आणि ज्या दोघी सप्टेंबरपासून बोलत नव्हत्या त्या एकाच डब्यातून खातात.

यावरून राजकारणाकडे येते. असतं, पण लोक सांगतात तेवढं खोल नसतं. बहुतेक भांडणांचं मूळ जागा, रजा आणि वेळापत्रक या तीनच गोष्टींत. स्टाफरूममध्ये टेबलांच्या जागा ठरलेल्या असतात. पहिल्या दिवशी रिकामी दिसली म्हणून पंख्याखालच्या खुर्चीवर बसू नये, विचारून बसावं. नवी मुंबईत आणि आता घोडबंदरच्या पट्ट्यातही स्टाफ सगळ्या प्रांतांतला असतो. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांना पाच दिवस हवेत, केरळच्या बाईंना ओणम हवा, कोळीवाड्यातून येणाऱ्या मावशींना नारळी पौर्णिमा सोडून चालत नाही. जिथे लोक एकमेकांच्या सणाला तासिका सांभाळतात तिथे काही अडत नाही. रजेचा अर्ज द्यायच्या आधी, जिला आपली बदली करावी लागणार आहे तिला सांगून ठेवणं, एवढी एक सवय लावून घेतली तरी अर्धं राजकारण अंगावर येत नाही.

स्टाफची भिशी असते. पहिल्या वर्षी शिरू नये. माणसं कळली की खुशाल शिरावं. जानेवारीत हळदीकुंकू होतं, कर्जत नाहीतर अलिबागकडे स्टाफची पिकनिक निघते; तिचे पैसे शाळा भरते की पगारातून कापते ते विचारून घ्यावं आणि शक्यतो जावं. पाच सप्टेंबरला दहावीची मुलं साड्या नेसून वर्ग घेतात आणि शिक्षक अंगणात संगीतखुर्ची खेळतात. व्हॉट्सअॅप ग्रुप तीन असतात: मुख्याध्यापकांसह असलेला, फक्त शिक्षकांचा, आणि ज्यात काही जणांना घेतलेलंच नाही असा. तिसऱ्यात तिला कुणी घेतलं तर तिनं गप्प वाचावं. तिथे लिहिलेली ओळ संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये पोचते.

पावसाबद्दल एक सांगायचं राहिलं. ठाणे जिल्ह्याला रेड अलर्ट आला की सुट्टीचा आदेश कधी रात्री उशिरा येतो, कधी पहाटे. तोवर बाई डबा भरून स्टेशनवर आलेली असते. काही शाळा 'सुट्टी फक्त विद्यार्थ्यांना, स्टाफनं यावं' असं कळवतात. २६ जुलै २००५ आठवणाऱ्या आमच्या पिढीला हे पटत नाही. पाणी भरलं की मुलांना घरी पाठवता येत नाही आणि बाईंना घरी जाता येत नाही, हे तेव्हा सगळ्यांनी बघितलं. शाळेनं अशा दिवसांसाठी काय ठरवलं आहे हे विचारलं तर उत्तर सहसा नीट येतं. नुसतं 'बघू' आलं तर तेही उत्तरच समजा.

पालकांविषयी फार लिहीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक असतं. एवढंच की फी कायद्यानुसार शाळेत शिक्षक-पालक संघ असतो, त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात, मुख्याध्यापक अध्यक्ष असतात आणि प्रत्येक इयत्तेतून एक शिक्षक व एक पालक त्यावर येतो. नव्या शिक्षिकेला कुणी या समितीत ढकलू लागलं तर पहिलं वर्ष टाळावं. फीवाढीच्या बैठकीत शिक्षक दोन्हीकडून अडचणीत येतो: पालकांना वाटतं तो मॅनेजमेंटचा, मॅनेजमेंटला वाटतं तो पालकांकडे झुकला. ओपन हाऊसला, म्हणजे पालक वह्या-पेपर बघायला येतात त्या दिवशी, मात्र जीव ओतावा. मुलाच्या वहीतलं एखादं चांगलं वाक्य दाखवून बोलणं सुरू केलं की तक्रारीचा सूर खाली येतो. आपला मोबाइल नंबर पालकांना द्यायचा की नाही, हे शाळेचा नियम विचारून ठरवावं. दिलाच तर संध्याकाळी सातनंतर उत्तर द्यायचं नाही हे पहिल्या आठवड्यातच पाळायला लागावं, नंतर जमत नाही. खासगी शिकवण्यांचं काय, हेही ती विचारेल, क्लासमधून येते आहे म्हणून. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई करतं. बाजूला कुणीतरी घेताना दिसेल. आपल्याच वर्गातल्या मुलाची शिकवणी घेणं तर कायदा नसता तरी करू नये.

ऑफिसकडेही लक्ष असू दे. वर्गशिक्षिकेचा बराच वेळ आता यूडायस (सरकारची शाळांची ऑनलाइन माहितीनोंद) आणि अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) यांच्या नोंदींत जातो. आधारवर नाव एक, जनरल रजिस्टरमध्ये दुसरं, वडिलांचं नाव तिसऱ्याच पद्धतीनं लिहिलेलं. हे निस्तरायला क्लार्कशी संबंध चांगले लागतात. शाळेत सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस क्लार्क, आणि सगळ्यात जास्त दिसणारा माणूस गेटवरचा मामा. मुख्याध्यापकांच्या आधी या दोघांना नमस्कार करणारे शिक्षक टिकतात, असं मी बघितलं आहे. तसंच मावशींचं. शाळेच्या वाढदिवसाला, निरोप समारंभाला, पिकनिकला मावशी-मामांना बोलावतात की फक्त चहा द्यायला ठेवतात, हे बघावं. गॅदरिंगच्या छापील पत्रिकेत त्यांची नावं असलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. त्या शाळांत मावशी दहा-पंधरा वर्षं टिकतात, आणि लहान मुलांच्या शाळेत तेच सगळ्यात मोलाचं.

त्यातही ऑगस्ट २०२४ नंतर बरंच बदललं. बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि राज्यभर सीसीटीव्ही व कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीवर भर आला. तिच्याकडूनही पडताळणीचे कागद मागतील, त्यात अपमान काही नाही. मावशी कायमच्या आहेत की एजन्सीच्या, लहान मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर बाईमाणूस असतं का, बसमध्ये बाई अटेंडंट शेवटच्या मुलापर्यंत थांबते का, हे शिक्षिकेनंही विचारायला हवं, कारण प्रश्न आल्यावर वर्गशिक्षिकेलाच पुढे करतात. आणि एक गोष्ट तिला स्पष्ट सांगा. मुलानं कधी काही सांगितलं, तर पर्यवेक्षिकेच्या कानावर घालून तिची जबाबदारी संपत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं ज्याला कळलं त्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेच्या नावाची काळजी नंतर. तिच्या स्वतःसाठीही दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली आहेत का ते मुलाखतीला गेल्यावर नजरेनं शोधावं.

आता कागद. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे, आणि ती विनाअनुदानित शाळेलाही लागू होते. कायम रिकाम्या जागेवर नेमणूक झाली तर परिवीक्षेची, म्हणजे प्रोबेशनची, दोन वर्षं असतात (अनुदानित शाळांतल्या शिक्षणसेवकांचं गणित वेगळं). म्हणून नेमणूकपत्रात 'परिवीक्षेवर' असा शब्द आहे की 'फक्त या शैक्षणिक वर्षापुरती' असा, हे आधी वाचा. जूनमध्ये घ्यायचं, एप्रिलअखेर सोडायचं आणि पुन्हा जूनमध्ये नवं पत्र द्यायचं, हा प्रकार खासगी शाळांत पुष्कळ चालतो. त्यात मे महिन्याचा पगार जातो, आणि सलग सेवा दाखवणंही अवघड होतं. बारा महिन्यांचा पगार आहे की अकराचा, हे तोंडी नको, पत्रात हवं. सगळ्या आकडेमोडीत हाच फरक मोठा.

पीएफ कापतात का, यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) देतात का, हे विचारा आणि पहिल्या तीन महिन्यांत पासबुक उघडून बघा. पगारपत्रकात कापलेले दिसतात आणि खात्यात भरलेले नसतात, असं घडतं. सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी शिक्षकांनाही मिळते. याबद्दल बराच काळ वाद होता. २००९ च्या दुरुस्तीनं शिक्षकांना ३ एप्रिल १९९७ पासून त्यात घेतलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२२ मध्ये ती दुरुस्ती योग्य ठरवली. त्यामुळे 'टीचिंग स्टाफला ग्रॅच्युइटी नसते' असं आता कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नये. निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि निरोप समारंभात साडी-श्रीफळ मिळालं तरी विनाअनुदानित शाळेत सरकारी पेन्शन नाही, हे पंचविशीतच कळलेलं बरं.

सोडायची वेळ आली तर राजीनामा दोन प्रतींत लिहून, सही-तारीख घालून, एक प्रत रजिस्टर पोस्टानं पाठवायची आणि दुसरी जवळ ठेवायची, असं कायद्यातच आहे. केबिनमध्ये बसवून 'इथेच लिहून द्या' म्हणाले तर तिथे लिहू नये. कायम शिक्षिकेला तीन महिन्यांची नोटीस लागते, बाकीच्यांना एक महिन्याची, आणि ती मेच्या सुट्टीत बसवता येत नाही. उलट शाळेनं कायम झालेल्या माणसाला काढलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करावं लागतं. त्या तीस दिवसांत लोक ट्रस्टींच्या घरी चकरा मारत बसतात आणि मुदत निघून जाते.

मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणालाही ठेवायला देऊ नका. बी.एड.ची गुणपत्रिका, पदवीचं प्रमाणपत्र, सगळं दाखवावं, साक्षांकित प्रत द्यावी, मूळ कागद त्याच दिवशी घरी आणावे. 'सगळ्यांचेच आमच्याकडे असतात' असं क्लार्क अगदी प्रेमानं म्हणेल. तपासून झाले की परत हवेत, असं तिनंही तितक्याच प्रेमानं म्हणावं. त्यावर फारच अडून बसले, तर त्या पगारात पुढच्या नोकरीला जाण्याची वाट बंद करण्याची किंमतही धरलेली आहे, असं समजून आकडा पुन्हा मांडा.